घरांतील प्रवाळांस प्रकाश कोणता व किती?

पोवळें ही वस्तु आपल्या घरांना नवी नाहीं. आजीच्या पेटींत पोवळ्यांची माळ असते, मंगळाची पीडा टळावी म्हणून एखाद्या काकांच्या बोटांत पोवळ्याची अंगठी असते, आणि ‘विद्रुम’ व ‘प्रवाल’ हे शब्द तर आम्हीं वर्गांत मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतले आहेत. द्रुम म्हणजे वृक्ष, आणि प्रवाल म्हणजे कोंवळा अंकुर असाही अर्थ आहे. त्यावरून प्राचीनांस ही वनस्पति वाटली असावी असें अनुमान निघतें. परंतु या जातीचा जीव घरांत कांचेच्या टाकींत दिव्याखालीं वाढवितां येतो, आणि तो दिवा चुकला तर आठवड्याभरांत पांढराफटक पडून मरणोन्मुख होतो, ही गोष्ट आम्हांस साठी उलटून गेल्यावर, आणि तीही तेरा वर्षांच्या नातवाकडून, शिकावी लागली.

आमचे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतात. वैशाखांत आम्ही उभयतां सहा महिन्यांच्या मुक्कामास तेथें गेलों, तेव्हां दिवाणखान्यांत भिंतीलगत तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी एक टाकी मांडलेली दिसली. हिशेब केला तर तींत सुमारें १९० लिटर खारें पाणी मावतें. तळाशीं पांढरी वाळू, मधोमध दगडांची रास, दोन-तीन चिमुकले मासे, आणि दगडांवर चिकटविलेले अंगठ्याएवढे प्रवाळांचे तुकडे. हे तुकडे समुद्रांतून तोडून आणलेले नव्हते. दुसऱ्या हौशी मंडळींच्या टाक्यांत वाढलेल्या प्रवाळांच्या फांद्या छाटून, आपण गुलाबाचें कलम करतों त्याप्रमाणें, तीं कलमें लावलेलीं होतीं. ही सर्व मांडणी नातवाची. त्याचे वडील पैसे देतात, आई पाणी सांडल्याबद्दल बोलते, आणि आजोबांनीं तेथें पोंचतांच त्या कामांत लक्ष घालून जें नुकसान केलें तें पुढें सांगणार आहों. परदेशीं मुलाबाळांकडे जाणारीं आमच्यासारखीं वडील माणसें या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या दृष्टीस अशी टाकी पडली तर त्यांनीं तरी आमची चूक करूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम हा जीव कोणता तें सांगितलें पाहिजे, नाहींतर दिव्याची एवढी यातायात कशाला हें कळणार नाहीं. प्रवाळ हा प्राणी आहे. अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें प्रवाळाचीं ‘फुलें’ हीं वस्तुतः लहान लहान प्राणी आहेत असें प्रतिपादन केलें, तेव्हां पॅरिसच्या पंडितांनीं तें मनावर घेतलें नाहीं. एका फांदीवर शेंकडों सूक्ष्म मुखें असतात, प्रत्येक मुखाभोंवतीं हातांसारख्या तंतूंचें कडें असतें, आणि खालीं चुन्याचा सांगाडा असतो. येथपर्यंत सर्व प्राण्यासारखेंच झालें. पण याच्या मांसांत एकपेशी शैवालें वसति करून असतात. १८८१ सालीं ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें अशा शैवालांस नांव दिलें, त्यावरून त्यांस ‘झूझॅन्थेली’ म्हणतात. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरांत त्यांची संख्या दहा लाखांच्या घरांत असते. हीं शैवालें झाडाच्या पानाप्रमाणें उजेडांत अन्न तयार करतात व त्यांतील मोठा वांटा यजमानाच्या पदरांत टाकतात. यजमान त्यांस राहावयास जागा देतो व आपल्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें खत म्हणून पुरवितो. उथळ समुद्रांतील पुष्कळ प्रवाळांचें नव्वद टक्क्यांपर्यंत पोषण या बिऱ्हाडकरूंकडून होतें. १९२८-२९ सालीं मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखालीं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक ब्रिटिश मोहीम गेली होती. तींत प्रवाळें अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहण्यांत आलीं, तों त्यांच्यांतील शैवालें निघून गेलीं व प्रवाळें फिकीं पडलीं.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या मंडळींनीं टाकी पाहतांच आपल्या गळ्यांतील माळ पुढें करून नातवास विचारलें, “तुझ्या त्या दगडावरचें पोवळें तें हेंच का रे?” त्यानें शोधून सांगितलें तें असें कीं, दागिन्याचें तांबडें पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांत, अंधुक गुहांत व खोल कड्यांच्या सावलींत वाढतें. त्याच्या शरीरांत शैवालें मुळींच नसतात, तें पाण्यांतले सूक्ष्म जीव पकडून उदरनिर्वाह करतें. सारांश, अंगठींतील पोवळ्यास दिवा नको, आणि टाकींतील पोवळ्यास दिव्यावांचून जगणें नाहीं. दोघांचें कुळ दूरचें असलें तरी नांव एकच पडल्यामुळें हा घोटाळा होतो.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. आम्ही गेलों तेव्हां टाकीवर तिच्याबरोबर आलेला एक साधा पांढरा दिवा होता. त्याखालीं प्रवाळांच्या पांच जाती होत्या. वाळूजवळ छत्रीच्या आकाराचें मऊ डिस्कोसोमा व रंगीत बटनांसारखें झोॲन्थस, मध्यें लांब लुसलुशीत बोटें हलविणारें युफिलिया, त्याच्या वर ताटलीसारखें पसरणारें माँटिपोरा, आणि अगदीं शिखरावर फांद्यांचें ॲक्रोपोरा. खालचीं तीन सुखांत होतीं. पण ॲक्रोपोरा आणलें तेव्हां निळसर होतें तें महिन्याभरांत काथ्याच्या रंगाचें झालें. उजेड कमी पडला कीं आंतलीं शैवालें आपली संख्या व रंगद्रव्य वाढवितात, त्यामुळें प्रवाळ तपकिरी दिसूं लागतें. निदान बरोबर झालें, आणि चिरंजीवांनीं एक जबरदस्त एलईडी दिवा आणला. त्याची किंमत ऐकून आम्हीं मनांत रुपयांत हिशेब केला व कांहीं वेळ बोललों नाहीं.

तो दिवा पाण्यापासून आठ इंचांवर टांगला. किती जोरानें लावावा, असा प्रश्न निघाला. नातू म्हणाला, “आजोबा, हळूहळू वाढवायला सांगतात.” त्यावर आम्हीं उत्तर दिलें, “एवढे पैसे मोजले आहेत, मग तो अर्धा लावून काय उपयोग? तुझीं पोवळीं उपाशी आहेत ना? त्यांना पोटभर मिळूं दे.” वडिलांच्या शब्दास मान देण्याची रीत त्या घरांत अजून आहे. दिवा पूर्ण जोरानें, रोज दहा तास, लागला.

चौथ्या दिवशीं युफिलियाचीं बोटें आंत ओढलेलीं दिसलीं. सहाव्या दिवशीं माँटिपोराचा वरचा भाग फिका झाला. आठव्या दिवशीं ॲक्रोपोराचीं टोकें चुन्यासारखीं पांढरीं पडून त्यांवरील मांस सुटूं लागलें. घरांत सर्वांनीं पाण्यास दोष दिला. क्षार मोजले, नायट्रेट मोजलें, उष्णमान पाहिलें तें २५-२६ अंश सेल्सिअस, म्हणजे यथास्थित होतें. पाव टाकी पाणी बदललें. दिव्याचा संशय कोणास आला नाहीं, कारण उपाशी माणसास जेवूं घातल्यावर तो जेवणानेंच आजारी पडला असेल हें मनांत येत नाहीं. नातू शाळेंतून येऊन टाकीसमोर बसे आणि कांहीं बोलत नसे. तो आम्हांस दोष देईल तर बरें, असें वाटूं लागलें. पण तेंही त्यानें केलें नाहीं.

त्याचें कारण मागाहून कळलें. शैवालांची अन्न तयार करण्याची शक्ति प्रकाशाबरोबर वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुष्कळ जातींत ती मर्यादा दुपारच्या उन्हाच्या फार अलीकडे येते. त्यापुढील प्रकाश त्यांस वापरतां येत नाहीं, आणि न वापरलेली शक्ति पेशींत प्राणवायूचीं दाहक रूपें उत्पन्न करते. हा दाह असह्य झाला कीं प्रवाळ आपल्या बिऱ्हाडकरूंस बाहेर घालवितें. रंग त्यांचा, म्हणून प्रवाळ पांढरें होतें. अन्नही त्यांचें, म्हणून तें पुढें उपासानें मरतें. हळूहळू वाढविल्यास शैवालें आपलें रंगद्रव्य कमी करून नव्या प्रकाशाशीं जुळवून घेतात. पण त्यास आठवडे लागतात, आणि आम्हीं एक दुपार दिली होती.

मग शहाणपण सुचून एक मापकयंत्र आणलें. विकत घेण्याची जरूर पडत नाहीं. तिकडे कित्येक दुकानें व हौशी लोकांचीं मंडळें तें चार दिवस भाड्यानें देतात. हें यंत्र कशासाठीं, डोळ्यांस दिसतें तें पुरे नाहीं काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्याच डोळ्यांनीं दिलें. आमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढून झाला आहे, डाव्याचा काढावयाचा आहे. टाकीसमोर बसून आळीपाळीनें एकेक डोळा झांकून पाहिला, तों उजव्यास पाणी गर्द निळें दिसलें आणि डाव्यास तेंच पाणी मळकट व अंधुक दिसलें. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत जेथें एकवाक्यता नाहीं तेथें प्रवाळाच्या वतीनें साक्ष ते काय देणार? निरोगी तरुण डोळाही येथें निरुपयोगीच. मनुष्याची दृष्टि ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिंवळ्या प्रकाशास सर्वांत तीक्ष्ण असते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास ती सुमारें पंचविसाव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून पिंवळट पांढरा दिवा आपणांस झगझगीत वाटतो व निळा मंद वाटतो, मग त्यांतून बाहेर पडणारे प्रकाशकण कितीही असोत. खोक्यावर लिहिलेले लुमेन व लक्स हे आंकडे मनुष्याच्या दृष्टीच्याच मापानें काढलेले असतात. दिवाणखान्यास ते ठीक आहेत.

प्रवाळाचें माप निराळें आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, शैवालांच्या उपयोगी पडणारे प्रकाशकण एका चौरस मीटरावर एका सेकंदांत किती पडतात तें मोजावयाचें. त्यास हौशी लोक ‘पार’ म्हणतात व त्याचें एकक मायक्रोमोल आहे. एक मायक्रोमोल म्हणजे सहाच्या पुढें सतरा शून्यें दिलीं असतां होतील इतके कण. उष्ण कटिबंधांत भर दुपारीं समुद्राच्या पृष्ठभागावर हा आंकडा २,००० च्या सुमारास असतो. इतका प्रकाश घरांतील टाकींत कोणत्याही प्रवाळास लागत नाहीं. अनुभवी लोक साधारणपणें असें धरतात कीं, डिस्कोसोमा व त्यासारख्या मऊ जातींस ५० ते १५०, युफिलियासारख्या मोठ्या मुखांच्या जातींस ७५ ते १५०, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान मुखांच्या जातींस २०० ते ३५० पुरतात. आमच्या टाकींत यंत्र बुडविलें तों शिखरावर ६२०, मधल्या पायरीवर ३४०, दिव्याच्या बरोबर खालच्या वाळूवर १९० आणि टाकीच्या कोपऱ्यांत अवघे ७० निघाले. म्हणजे एकाच दिव्याखालीं एकजण होरपळत होता आणि तेथून हातभर अंतरावर दुसरा संधिप्रकाशांत बसला होता. हे आंकडे नातवानें वहींत लिहिले. आम्हीं चष्मा पुसण्याचें निमित्त केलें.

प्रकाशाच्या रंगाविषयीं घरांत बरीच चर्चा झाली. सूनबाईंस तो निळा उजेड आवडत नसे. “घरांत रात्रंदिवस सिनेमा चालू असल्यासारखें वाटतें,” असें त्या म्हणत, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण समुद्रांत तांबडा प्रकाश पहिल्या कांहीं मीटरांतच पाण्यांत जिरून जातो व निळा सर्वांत खोल पोंचतो. त्यामुळें प्रवाळांतील शैवालांचीं रंगद्रव्यें निळ्या प्रकाशाचा उत्तम उपयोग करणारीं असतात. दुसरें कारण शोभेचें आहे. कित्येक प्रवाळांत अशीं प्रथिनें असतात कीं तीं निळा प्रकाश पिऊन हिरवा किंवा केशरी प्रकाश बाहेर टाकतात. जेलीफिश या समुद्रप्राण्यांतील हिरव्या प्रथिनाचा शोध शिमोमुरा यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केला, व तत्संबंधींच्या कार्याबद्दल त्यांस आणि चाल्फी व त्सिएन यांस २००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तशाच जातीचीं प्रथिनें प्रवाळांत असल्याचें १९९९ सालीं रशियन शास्त्रज्ञांनीं दाखविलें. मात्र निव्वळ निळा प्रकाश ठेवण्याची जरूर नाहीं. आमच्याकडे शेवटीं निळा बराच, त्यांत पांढऱ्याची जोड, आणि तांबडा-हिरवा नांवापुरता, अशी तडजोड ठरली. संध्याकाळीं मंडळी बसावयाच्या वेळीं पांढरा थोडा वाढवितात, त्यानें प्रवाळांचें कांहीं बिघडत नाहीं व सूनबाईंचेंही समाधान होतें.

दिवे तीन प्रकारचे पाहण्यांत आले. जुन्या हौशी मंडळींची श्रद्धा मेटल हॅलाइडवर आहे. त्याचा उजेड एका बिंदूपासून निघतो, त्यामुळें वाळूवर पाण्याच्या लहरींची सळसळ उमटते ती खरोखर प्रेक्षणीय असते. पण २५० वॅटचे दोन दिवे रोज आठ तास लावले कीं चार युनिटें वीज जाते, पाणी तापतें, आणि तें थंड करावयास पुन्हां निराळें यंत्र व निराळी वीज. शिवाय त्यांतील अतिनील किरण अडविण्यास कांच लावावी लागते. दुसरा प्रकार टी-५ नांवाच्या बारीक नळ्यांचा. यांचा उजेड सर्वत्र सारखा पसरतो, सावली कमी पडते. पण नळ्यांचा गुण उतरत जातो व त्या वर्षाकांठीं बदलाव्या लागतात, आणि त्यांत पारा असल्यामुळें जगभर त्यांस हळूहळू निरोप देण्यांत येत आहे. तिसरा एलईडी. निळा प्रकाश देणारी एलईडी सिद्ध करणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या त्या शोधावांचून आजची प्रवाळाची टाकी आहे अशी दिसली नसती. वीज कमी, उष्णता पाण्यांत जवळजवळ नाहीं, आणि प्रत्येक रंगाचा जोर वेगवेगळा कमीजास्त करतां येतो. आज नवीन घेणारानें एलईडीच घ्यावा असें आमचें मत झालें आहे.

परंतु एलईडीचे दोष दुकानदार सांगत नाहींत. त्याचे कण भिंगांतून झोत होऊन खालीं येतात, त्यामुळें मध्यें प्रखर व कडेस अंधार, हा प्रकार आमच्या आंकड्यांत दिसलाच. फांदीच्या वरच्या अंगास उजेड मिळतो व खालचें अंग सावलींत राहून मरूं लागतें. म्हणून एक मोठा दिवा घेण्यापेक्षां त्याच पैशांत दोन मध्यम दिवे घेणें शहाणपणाचें. सामान्यतः टाकीच्या दर दीड-दोन फूट लांबीस एक. आमच्या चिरंजीवांनीं तो मोठा दिवा परत करून ९० वॅटचे दोन घेतले, ते पाण्यापासून चौदा इंच वर टांगले, व शेवटीं त्यांचा जोर साठ टक्क्यांवर स्थिर केला. रोज नऊ तास धरले तर विजेचा खर्च एका युनिटाच्या आसपास येतो. वॅटचा आंकडा पाहून दिवा निवडूं नये. तो वीज किती खाल्ली एवढेंच सांगतो. चांगले विक्रेते अमुक उंचीवरून, अमुक खोलीवर, मध्यें व कडेस पार किती मिळतो याचा नकाशा देतात, तो मागून घ्यावा. पंख्याचा आवाजही दुकानांत ऐकून घ्यावा. तेथें तो ऐकूं येत नाहीं, पण रात्रीं दिवाणखान्यांत निजणाऱ्या आजोबांस येतो.

एक सूचना विजेसंबंधीं, कारण खारें पाणी व वीज यांचें वैर जुनें आहे. दिव्याची तार भिंतींतील कळीकडे जातांना मध्यें कळीच्या खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब कळींत न शिरतां खालीं टपकतो. आणि गळती होतांच वीज आपोआप तोडणारी कळ बसवून घ्यावी. हें काम मुलावर सोपवूं नये.

खिडकींतलें ऊन फुकट असतां हा खटाटोप कां, असें सूनबाईंनीं विचारलें होतें. उन्हावर प्रवाळें ठेवणारे लोक झाले आहेत. जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं आपली सूर्यप्रकाशाची पद्धति १९६१ सालीं प्रसिद्ध केली होती. पण जकार्ता विषुववृत्तानजीक आहे आणि न्यू जर्सी ४० अंश उत्तरेस. तेथें हिवाळ्यांत दिवस साडेनऊ तासांहूनही लहान होतो, सूर्य खालून जातो, आणि उन्हाळ्यांत त्याच खिडकींतून टाकी तापून निघते. सूर्याचा जोर कमीजास्त करण्याची कळ आपल्या हातांत नाहीं.

नव्या दिव्यांखालीं सुरुवात तीस टक्क्यांनीं केली व दर आठवड्यास पांच टक्के वाढविले. सकाळीं तासभर उजेड चढत जातो, संध्याकाळीं तासभर उतरतो, मध्यें सात तास स्थिर. रात्रीं शोभेसाठीं निळा दिवा लावून ठेवण्याची तेथें पद्धत आहे, ती आम्हीं बंद करविली. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळें पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्रींना एकदम अंडीं सोडतात, हें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आहे. ज्या जीवास तिथि कळते त्यास रात्र काळोखी मिळावी हें बरें. युफिलिया वाळूजवळ हलविलें, तेथें ११० चा आंकडा मिळाला, व तिसऱ्या आठवड्यांत तें पूर्ववत् फुललें. माँटिपोराचा अर्धा भाग गेला, अर्धा तपकिरी-तांबूस होऊन टिकला. ॲक्रोपोरा मेलें. त्याचा पांढरा सांगाडा नातवानें टाकून दिला नाहीं, अभ्यासाच्या टेबलावर ठेवला आहे. फिकेपणा नेहमीं दिव्यामुळेंच येतो असेंही नाहीं. पाण्यांत नायट्रेट-फॉस्फेट अगदींच नाहींसे झाले तरी, किंवा पाणी तापलें तरी, प्रवाळें फिकीं पडतात. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व आठवडाभर वाट पाहावी, म्हणजे कारण हातीं लागतें.

येथें परत आल्यावर दोन-तीन घरांतून पृच्छा झाली कीं, अशी टाकी आपल्याकडे करतां येईल काय. त्यांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं सांगाड्याचीं कठीण प्रवाळें, काळें प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झालेला आहे. वाघास जें संरक्षण तेंच यांस. समुद्रांतून तीं काढणें, विकणें वा घरांत बाळगणें हा गुन्हा आहे, आणि दुकानदार ‘परदेशी माल आहे’ म्हणून सांगूं लागला तरी त्याच्या नादीं लागूं नये. ज्यांस पाहावयाचीं असतील त्यांनीं मालवणास जावें. तेथील समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, व जाणत्या माणसाबरोबर पाण्यांत उतरून प्रवाळें जागच्या जागीं पाहतां येतात. आमच्या नातवास पुढच्या खेपेस तेथें नेण्याचा आमचा संकल्प आहे. उशीर करण्यांत अर्थ नाहीं, कारण त्याच्या टाकींत आठ दिवसांत घडलें तें समुद्रांत मोठ्या प्रमाणावर घडत आहे. लक्षद्वीपांत १९९८, २०१० व २०१६ सालीं पाणी तापून प्रवाळें पांढरीं पडलीं, आणि एप्रिल २०२४ मध्यें शास्त्रज्ञांनीं जगव्यापी विरंजनाची चौथी खेप जाहीर केली. तेथें मुख्य दोष उष्णतेचा, पण प्रखर ऊन तिचें साह्य करतें. सावलींतलीं प्रवाळें पुष्कळदां कमी पोळतात. त्या दिव्यास टक्के कमी करण्याची सोय नाहीं.

दिवाळीनंतर नातवानें टाकीचें छायाचित्र पाठविलें. माँटिपोराच्या कडेला पांढरी रेघ पाहून आमच्या छातींत धस्स झालें व रात्रीं अवेळींच दूरध्वनि केला. तो हंसला. म्हणाला, “आजोबा, ती वाढीची कड आहे. नवीन सांगाडा आधीं तयार होतो, शैवालं मागून येतात. पांढरं आहे, पण त्यावर बारीक तोंडं उघडलेली दिसतात ना?” आम्हीं भिंग घेऊन, आधीं उजव्या डोळ्यानें व मग डाव्या डोळ्यानें, तें छायाचित्र पुन्हां पाहिलें. उजव्या डोळ्यास तीं तोंडें दिसलीं. कड चार मिलिमीटरांनीं पुढें सरकली आहे असें त्यानें मोजून कळविलें आहे.